यादीत नसलेल्या जागा

गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या भाचीने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न टाकला. जालना जिल्ह्यात पक्षी, प्राणी, फुलपाखरे हमखास दिसतात अशा जागा कोणत्या? प्रत्येकाने निदान एक नाव द्या. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते आणि आपल्या देशातले लोकही २०१३ पासून तीत भाग घेतात. त्या दिवसांत कुणी कुठे बसून मोजायचे, हे ठरवण्यासाठी तिच्या मैत्रिणी जिल्ह्यातल्या ठिकाणांची यादी करत होत्या.

आमच्या ग्रुपवर लग्नाचे फोटो आले की दीडशे उत्तरे येतात. या प्रश्नाला चार आली. दोघांनी घाणेवाडी लिहिले, एकाने मोती तलाव. माझ्या दिराने लिहिले, “आमच्या मोहल्ल्यात डास, कुत्री आणि कबुतरं. मांड यादीत.” खाली हसण्याचे चेहरे.

भाचीने नंतर मला तोवरची यादी दाखवली. घाणेवाडीचा जलाशय, मोती तलाव आणि त्याच्या कडेची मोतीबाग, सोमठाण्याजवळचा अप्पर दुधना प्रकल्प, राजूरच्या बाजूचे डोंगर, दक्षिणेला गोदावरीचा काठ. सगळ्या जागा चांगल्या आणि कुणालाही मुद्दाम गाळलेले नव्हते. यादी करणाऱ्या मुलांनी जे पाहिले होते तेच लिहिले होते. पण शाळेत इतकी वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे असेल, माझी नजर कोऱ्या जागेकडे आधी जाते. जालना शहरात आपली लोकसंख्या काही कमी नाही, खेडोपाडीही घरे आहेत, शेळ्यामेंढ्या पाळणारी माणसे आहेत. आपल्या कब्रस्तानांच्या भिंतीआड पन्नास-पन्नास वर्षांचे लिंब उभे आहेत, दर्ग्यांच्या आवारात जुन्या विहिरी आहेत. यातली एकही जागा त्या यादीत नव्हती. आपण सांगितल्याशिवाय ती कुणाला कळणार तरी कशी?

आधी ही यादी चालते कशी ते सांगते, कारण आमच्या घरात पहिला प्रश्न तोच निघाला. ईबर्ड नावाचे एक फुकट अॅप आहे. एका जागी निदान पंधरा मिनिटे थांबायचे, जे पक्षी ओळखू येतील त्यांची नावे आणि संख्या लिहायची आणि पाठवून द्यायचे. पक्ष्यांची नावे मराठीतही निवडता येतात. एखादी जागा सार्वजनिक असेल, तिथे कुणीही जाऊ शकत असेल, तर ती ‘हॉटस्पॉट’ म्हणून सुचवता येते. स्वयंसेवक ती तपासतात आणि मंजूर झाली की तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या नोंदी एका नावाखाली जमा होतात. सलमाने जूनमध्ये काय पाहिले, संतोषने डिसेंबरात काय पाहिले, सगळे एकत्र. (ही दोन नावे उदाहरणाची आहेत, वर्गात मी हीच वापरते.) भलतीच नोंद आली तर जाणकार विचारतात, फोटो आहे का, आवाज ऐकला का, किती लांबून पाहिले.

हे ऐकून आमच्या खाला म्हणाल्या, “म्हणजे हुदहुदचंच काम की.” मला ते इतके आवडले की आता वर्गातही मी तेच सांगते. हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या दरबारात हुदहुद उशिरा पोचतो आणि सबाच्या राणीची खबर देतो, ती स्वतः पाहून आलेली, पक्की खबर. तरीही सुलैमान ती लगेच मान्य करत नाहीत. खरे बोलतोस का ते पाहू, म्हणतात आणि त्याच्याच हाती पत्र देऊन पाठवतात. पाहणाऱ्याने नेमके सांगायचे, ऐकणाऱ्याने तपासायचे. नोंदवहीचे शास्त्र याहून वेगळे नाही.

आणि असल्या नोंदींचे पुढे काय होते? २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ नावाचा अहवाल निघाला. तीस हजारांहून जास्त पक्षिनिरीक्षकांनी पाठवलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला आहे. त्यांतल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या तारांवर बसणारा नीलपंख, ज्याला गावात चास किंवा नीळकंठ म्हणतात, तोही झपाट्याने कमी होतो आहे, हे या नोंदींतूनच पुढे आले. माळरानावर, उघड्या रानात राहणारे पक्षी घटत आहेत. जालना जिल्हा म्हणजे बराचसा उघडा माळच.

मोजणीचे हे काम आपल्यापासून फार लांबचे आहे असे कुणाला वाटत असेल तर डॉ. सालिम अली आठवावेत. मुंबईच्या बोहरा घरात १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेले, लहानपणीच आईवडिलांना मुकलेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढलेले. पुढे नोकरी गेल्यावर त्यांनी संस्थानिकांना कळवले की मला पगार नको, फक्त खर्च द्या, मी तुमच्या मुलखातले पक्षी नोंदवून देतो. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाची पाहणी केली. तिचा अहवाल १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. म्हणजे आपल्या मुलखातल्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर नोंद एका मुस्लिम तरुणाने केली आणि त्याच्या मोहिमांत त्याची बेगम तहमीनाही तंबूत राहायला सोबत असे. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळच्या जुन्या तलावाला आज सालिम अली सरोवर म्हणतात. आपली मुले त्यावरून ये-जा करतात आणि सालिम अली कोण म्हणून विचारले तर, माझ्या वर्गातल्या अनुभवावरून सांगते, निम्मी गप्प बसतात.

तर मी जागा सुचवायला घेतल्या.

पहिली आमच्या घराला लागून असलेल्या कब्रस्तानाची. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, पण आमची गच्ची थेट त्याच्या भिंतीवर आहे. फजरनंतर चहाचा कप घेऊन मी तिथेच बसते. ढोलीवाल्या लिंबात पिंगळ्यांची जोडी आहे. दिवसा दोघे शेजारी बसून ऊन खातात आणि मगरिबच्या सुमारास भांडण सुरू झाल्यासारखा कलकलाट करतात. गवतात हुदहुद चोच खुपसत फिरतो. होले, बुलबुल, शिंपी, कोतवाल, भारद्वाज. पावसाळ्यात सुगरणीची घरटी बाभळीला लटकतात. नवीन कबर खणली की ताज्या मातीवर साळुंक्या उतरतात, हे पाहून आधी मन चरकायचे, आता नाही. एका सकाळी चाळीस मिनिटांत मी तेवीस जाती लिहिल्या. मोतीबागेत त्याच आठवड्यात भाचीला एकोणीस मिळाल्या होत्या. बागेत फवारणी होते, गवत कापले जाते, झाडे छाटली जातात. कब्रस्तानात माणूस कमी फिरतो, एवढेच त्याचे रहस्य.

पण ही जागा ‘सुचवायची’ का? भाची म्हणाली, लगेच. मी म्हटले, थांब. एकदा हॉटस्पॉट झाला की उद्या गळ्यात कॅमेरे अडकवलेली दहा मुले दारात येतील. कुणाचा दफनविधी चालू असेल, कुणी फातेहा पढत उभे असेल. कब्रस्तान हे कुणीही कधीही यावे असे ठिकाण नाही आणि ती अदब मोडून मिळालेली यादी मला नको होती. मी कमिटीतल्या एका बुजुर्गांना निरोप पाठवला. ते पुतण्याबरोबर घरी आले, आकडे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पक्षी लिहायला हरकत कसली? पण जत्रा नको.”

मार्ग सापडला तो असा. अॅपमध्ये वैयक्तिक ठिकाण म्हणूनही जागा ठेवता येते. ती सगळ्यांच्या नकाशावर हॉटस्पॉट म्हणून उमटत नाही, पण नोंदी अभ्यासकांपर्यंत पोचतात. मी माझी गच्ची तशी ठेवली. आत जाऊन पाहायचे काम पुतण्याकडे, तेही जनाजा नसेल तेव्हाच. घरट्याचा फोटो कुठेही टाकायचा नाही, हा नियम आम्ही सगळ्याच जागांना लावला आहे. घुबडांच्या मागे लागणारी माणसे आपल्याकडे आहेत, अंधश्रद्धेपायी त्यांचे काय होते ते सांगायला नको.

यातून एक काम मात्र झाले. शबे-बरातच्या आधी कब्रस्तानाची साफसफाई होते. मागच्या वेळी जेसीबी आणून कोपऱ्यातली हिवराची झाडी आणि तो पोकळ लिंबही काढायचा विचार होता. झाड पोखरलेले, उद्या कबरीवर पडेल, ही भीती खोटी नाही. मी यादी पुढे केली. त्या बैठकीत माझ्या तेवीस जातींनी किती काम केले कोण जाणे, कारण ते बुजुर्ग हदीसच बोलले, की मोमिनाने लावलेल्या झाडाचे पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो. मग कुणी तरी विचारले की हा लिंब कुणी लावला होता? एकाला आठवले, त्याच्या आजोबांनी. लिंबाच्या जड फांद्या उतरवल्या, खोड ठेवले. झाडीही ठेवली, फक्त वाट मोकळी केली. पिंगळे अजून तिथेच आहेत.

दुसरी जागा माझ्या मामूंच्या गावची, मंठा तालुक्यातली. गावाचे नाव लिहीत नाही, त्याचे कारण पुढे कळेल. मामूंकडे चाळीसेक शेळ्या आहेत आणि आयुष्य गावच्या गायरानावर गेले आहे. भाचीचा प्रश्न मी त्यांना फोनवर वाचून दाखवला तर म्हणाले, “आमच्याकडे काय आहे? माळ आहे नुसता.” मग जरा थांबून, “भटतीतर आहेत. ते चालतात का?”

भटतीतर म्हणजे पखुर्डी. मामू भटतीतर म्हणतात, त्यांच्या शेजारी मेंढ्या चारणारे धनगर पखुर्डी म्हणतात. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी. बसला की ढेकूळ आणि पक्षी यांतला फरक कळत नाही. उडाला की टोकदार पंख आणि घशातून काढलेला दुहेरी आवाज. उघड्या जमिनीवर, काडीकचऱ्याशिवाय, साध्या खळग्यात दोन-तीन अंडी घालतो. दिवसभर कोरडे बी खाऊन राहतो, म्हणून ठरल्या वेळी पाण्यावर यावेच लागते. सूर्य वर आल्यावर टोळीने येतात, दोन-चार घोट घेतात आणि जातात. पिल्ले मात्र माळावर लांब असतात आणि त्यांना उडता येत नाही. मग नर पाण्यात उतरतो, पोटाची पिसे भिजवतो आणि ती ओली पिसे घेऊन कित्येक किलोमीटर उडत परत येतो. पिल्ले त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतले पाणी चोखून पितात. त्या पिसांची घडण पाणी धरून ठेवणारी असते.

हे मी पुस्तकात वाचून मामूंना सांगितले तेव्हा ते हसले. “पाण्याचा टँकरच की तो.” २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी जालन्यात काढला आहे त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. त्या उन्हाळ्यात शहरात टँकरपुढे रात्री घागरींच्या रांगा लागत. गावात मामी दोन घागरींसाठी दोन किलोमीटर चालायच्या. निजाम काळात बांधलेल्या घाणेवाडीचा तळ तेव्हा उघडा पडला होता. लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला आणि पुढे पाणी आले तशी हिवाळी बदकेही आली. त्यामुळे घाणेवाडी यादीत पहिली का हे मला समजते. तिथे पाणी आहे, म्हणून माणसे आहेत, म्हणून नोंदी आहेत. माळावर यांतले काहीच नाही. सरकारी नकाशात देशभरच्या माळरानांना ‘पडीक’ म्हणण्याची रीत जुनी आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य होते, तेव्हा कितीतरी माळांवर खड्डे खणले गेले. झाड लावणे पुण्याचे, पण ज्या पक्ष्याचे घरच उघडी जमीन आहे त्याच्या दारात जंगल उभे केले तर तो जाईल कुठे?

मामूंच्या गायरानावर झाडे येणार नाहीत. तिथे सौर पॅनेल येण्याची बोलणी चालली आहेत. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारी आणि गावच्या जमिनींवर असे प्रकल्प राज्यभर उभे राहत आहेत. मामूंची दीड एकर कपाशी आहे. रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला जाताना साप चावून गेलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. त्यांनाही दिवसा वीज हवी आहे, हे लिहिणे मला जरुरीचे वाटते. वीज हवी आणि भटतीतरही हवेत, असे म्हणणारा माणूस कुठल्याच बाजूला बसत नाही.

मी त्यांना गावची लोकजैवविविधता नोंदवही मागायला सांगितले. हा शब्द पुष्कळांनी ऐकलेला नसेल. २००२ मध्ये देशात जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिकेत एक समिती असायला हवी आणि तिने आपल्या हद्दीतली झाडे, पक्षी, प्राणी, पिकांचे जुने वाण, औषधी वनस्पती आणि त्यांची माहिती असलेली माणसे यांची नोंदवही ठेवायला हवी. २००४ च्या नियमांत या समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असेही होते. बरीच वर्षे हे कागदावरच राहिले. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि चुकणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. घाईघाईने नोंदवह्या झाल्या. देशात आज त्या अडीच लाखांहून जास्त आहेत.

मामूंच्या गावचीही निघाली. पुतण्याने पानांचे फोटो पाठवले. पक्ष्यांच्या रकान्यात मोर, पोपट, चिमणी, कावळा आणि, वाचून मी दोनदा पाहिले, धनेश. धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा, दाट झाडीत राहणारा पक्षी. मंठ्याच्या माळावर तो कुणाला कसा दिसला? दुसऱ्या कुठल्या तरी गावाचे पान उतरवले असणार. गायरानापुढे लिहिले होते: ‘पडीक, विशेष काही नाही.’ भटतीतर नाही, चंडोल नाही, धाविक नाही, पहाटे पिकात उतरणारी काळविटे नाहीत. आणि पक्ष्यांची माहिती असलेल्या माणसांच्या पानावर मामूंचे नाव नाही. चाळीस वर्षे त्या माळावर उभा असलेला माणूस, पण त्याला कुणी विचारले नाही आणि तोही आपण होऊन सांगायला गेला नाही.

हिवाळ्यात आम्ही तीनदा गेलो. भाचीच्या वर्गातली दोन मुले सोबत होती, एकाकडे दुर्बीण होती. ज्या धनगर मेंढपाळांबरोबर मामूंची निम्मी हयात गेली तेही आले. मामू पुढे चालायचे आणि हात आडवा करून थांबवायचे. मग आम्हाला अर्धा मिनिट काहीच दिसायचे नाही. पाझर तलावाच्या उथळ कडेला साडेआठच्या सुमारास पहिली टोळी उतरली, नऊ पक्षी. दुसऱ्या वेळी चौदा, तिसऱ्या वेळी अकरा. मी आकडे तसेच लिहिले, फुगवले नाहीत. मामू म्हणत होते की पूर्वी शंभराच्या टोळ्या यायच्या. ते मी ‘स्थानिकांची आठवण’ या रकान्यात लिहिले, मोजणीत नाही. आठवणीलाही जागा असते, फक्त वेगळी.

तीन फेऱ्यांत बेचाळीस जाती झाल्या. प्रत्येकीपुढे तीन नावे आहेत, मराठीतले, मामूंचे दखनीतले आणि धनगरांचे. टिटवीला टिटहरी, पाकोळीला अबाबील, होल्याला फाख्ता. एका लहान, भुऱ्या, पळणाऱ्या पक्ष्याला मामू जे म्हणतात ते पुस्तकात कुठेच सापडत नाही. भाचीच्या मते तो धाविक आहे, मेंढपाळ म्हणतात नाही. त्याच्यापुढे आम्ही प्रश्नचिन्ह ठेवले आहे.

ही जागाही अजून सगळ्यांच्या नकाशावर सुचवलेली नाही, गावाचे नावही म्हणूनच दिले नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या मुलखात उन्हाळ्याच्या तोंडावर अनोळखी गाड्या याव्यात असे मामूंना वाटत नाही आणि तितराच्या नावाने बंदूक आठवणारे लोकही आहेत. पाझर तलावाच्या बांधावर बसून पाहता येते, तेवढाच भाग पुढे सुचवू. नोंदवहीचे मात्र थांबवून चालणार नाही. तिच्यात दुरुस्ती करता येते, नवीन नोंद घालता येते, तशी तरतूद आहे आणि तिची मागणी ग्रामसभेत करता येते. मामूंचे म्हणणे साधे आहे. पॅनेल बसवा, पण तलावाची ती कड आणि तिच्यासमोरचा दगडी पट्टा सोडून बसवा.

तुमच्या गावाची नोंदवही ग्रामपंचायतीत, शहराची नगरपालिकेत किंवा महापालिकेत मागता येईल. आधी आपल्या जागेपुढे काय लिहिले आहे ते वाचा. घरात शेळ्या चारणारे, मासे धरणारे, जडीबुटी ओळखणारे कुणी मोठे माणूस असेल तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. नाव पुस्तकी हवे असा हट्ट धरू नका. नाव, जागा, तारीख, किती, कुणी पाहिले, इतके पुरते.

ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. मामूंनी आयुष्यात कधी ग्रामसभेत तोंड उघडलेले नाही. परवा त्यांचा फोन आला होता की बेचाळीस नावांची यादी मोठ्या अक्षरांत छापून पाठव, चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे. आणि त्या प्रश्नचिन्हाच्या पक्ष्यापुढे त्यांचे नाव तसेच राहू दे, पुस्तकातले घालू नको.